ब्रिटनच्या ‘ख्रिसमस नंबर वन’वर पैज: आधी मोजणी, मग गाणं

ख्रिसमसच्या दिवशी ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर पहिलं गाणं कोणतं असेल, यावर तिथले बुकी दर वर्षी भाव काढतात. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने पहिला चार्ट छापला आणि त्याच वर्षीच्या ख्रिसमसला अल मार्टिनोचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे बीटल्सने चार वेळा हा मान मिळवला (१९६३, ६४, ६५ आणि ६७), स्पाइस गर्ल्सनी १९९६ ते ९८ अशी सलग तीन वर्षं. लॅडबेबी या जोडप्याने मुख्यतः सॉसेज रोलवरच्या गमतीदार गाण्यांनी २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं बाजी मारली, तेव्हा ‘यातलं काहीच सांगता येत नाही’ असं पुष्कळांना वाटलं. प्रत्यक्षात बरंचसं सांगता येतं. मात्र त्यासाठी गाणं किती चांगलं आहे किंवा गायक किती मोठा आहे हे बाजूला ठेवून, ते मोजतात कसं आणि कोणत्या सात दिवसांत, हे आधी नीट कळलं पाहिजे.

हे मार्गदर्शन ग्रेट ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथे गॅम्बलिंग कमिशनचा परवाना असलेल्या बुकीकडे अशी पैज लावणं कायदेशीर आहे आणि जिंकलेल्या रकमेवर पैज लावणाऱ्याला कर भरावा लागत नाही. भारतात बसून हे करू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि पैजेसाठी परदेशात पैसे पाठवणं परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही. व्हीपीएन लावून ब्रिटनमधलं खातं चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बुकीच्या अटींनुसार असं खातं गोठवलं जातं आणि जिंकलेले पैसेही अडकतात. भारतातल्या वाचकांना हाच खेळ पैशांशिवाय कसा खेळता येईल ते शेवटी दिलं आहे.

मोजणी कशी होते

चार्ट तयार करते ऑफिशियल चार्ट्स कंपनी. आठवडा शुक्रवारी मध्यरात्री सुरू होतो आणि पुढच्या गुरुवारी रात्री संपतो. निकाल शुक्रवारी संध्याकाळी बीबीसी रेडिओ वनवर जाहीर होतो. जुलै २०१५ पर्यंत हा निकाल रविवारी लागायचा, म्हणून त्याआधीच्या वर्षांची तुलना आजच्या वर्षांशी करताना दिवसांचा घोळ होतो.

सीडी, व्हिनाइल किंवा डाउनलोड विकलं गेलं की ती एक विक्री धरतात. स्ट्रीमिंग जुलै २०१४ पासून धरू लागले आणि त्याचं प्रमाण नंतर बदलत गेलं. जुलै २०१८ पासूनचा हिशोब असा: पैसे भरून सदस्य झालेल्यांनी १०० वेळा ऐकलं की एक विक्री, आणि जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांनी ६०० वेळा ऐकलं की एक विक्री. अधिकृत व्हिडिओही त्याच वर्षापासून मोजतात. गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकणं धरलं जातं.

पैज लावणारे सगळ्यात जास्त चुकतात ते पुढच्या नियमात. जुलै २०१७ पासून जुन्या किंवा उतरणीला लागलेल्या गाण्यांना कडक प्रमाण लागू होतं, आणि २०१८ पासून ते असं आहे: २०० पैसेवाल्या ऐकण्यांना एक विक्री, १२०० फुकट ऐकण्यांना एक विक्री. नवं गाणं चार्टवर बरेच आठवडे राहून सलग तीन आठवडे घसरलं की या कडक प्रमाणात जातं. तीन वर्षांहून जुनं गाणं मुळातच तिथे असतं. म्हणजे व्हॅमचं १९८४ चं ‘लास्ट ख्रिसमस’ आणि मरायाह कॅरीचं १९९४ चं ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ ही दोन्ही गाणी दर डिसेंबरला निम्म्या वजनावर शर्यतीत उतरतात.

एक मांडलेलं उदाहरण घ्या (आकडे हिशोबापुरते आहेत). एक जुनं गाणं आठवड्यात १ कोटी वेळा ऐकलं गेलं, त्यातली ८० लाख ऐकणी पैसेवाली, २० लाख फुकटची. कडक प्रमाणाने ८० लाख भागिले २०० म्हणजे ४०,०००, आणि २० लाख भागिले १२०० म्हणजे साधारण १,६६७. एकूण ४१,६६७. तेवढीच ऐकणी नव्या गाण्याची असती तर ८३,३३३ विक्री धरली असती. म्हणून स्ट्रीमिंगची यादी पाहताना सोपा नियम ठेवा: जुन्या गाण्यांचे आकडे निम्मे करा आणि मग तुलना करा. जुनं गाणं दिवसाला १० लाख आणि नवं ६ लाख असेल, तर चार्टवर नवं पुढे आहे. स्ट्रीमिंगची यादी पाहणाऱ्या बहुतेकांना हे उलटं दिसतं, आणि तुमचा फायदा इथेच असतो.

याला अपवाद असतात. जुन्या गाण्याचा खप अचानक उसळला तर कंपनी त्याला नव्याच्या प्रमाणावर परत आणू शकते. २०२२ च्या जूनमध्ये केट बुशचं १९८५ चं ‘रनिंग अप दॅट हिल’ अशा सवलतीमुळेच पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. तेव्हा डिसेंबर लागताच नियमांची चालू वर्षाची पुस्तिका कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि तुमच्या यादीतल्या कोणत्या गाण्याला कोणतं प्रमाण लागू आहे ते त्यापुढे लिहून ठेवा.

२५ डिसेंबर कोणत्या वारी येतो ते बघा

कॅलेंडर उघडून ख्रिसमसचा वार पाहणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. २५ डिसेंबरला किंवा त्याच्या लगेच आधी येणाऱ्या शुक्रवारचा चार्ट हा ख्रिसमसचा चार्ट, आणि मोजणी त्याच्या आधीच्या सात दिवसांची. ख्रिसमसच्या गाण्यांचं ऐकणं डिसेंबरभर चढत जातं, २४ तारखेला कळसाला पोहोचतं आणि २६ ला कोसळतं. म्हणजे मोजणीचा आठवडा २४ च्या जितका जवळ, तितकी जुनी गाणी भारी.

२०२५ मध्ये ख्रिसमस गुरुवारी आला. मोजणी १२ ते १८ डिसेंबर, म्हणजे शक्य तितकी लवकरची. जुन्या गाण्यांचे भराचे दिवस मोजणीच्या बाहेर राहिले, आणि काइली मिनोगच्या ‘एक्समस’ या नव्या गाण्याने बाजी मारली. २०२० मध्ये ख्रिसमस शुक्रवारी होता, मोजणी १८ ते २४, जुन्या गाण्यांना सगळ्यात सोयीची. तरीही लॅडबेबीने सुमारे १,५८,००० विक्रीच्या जोरावर ती जिंकली. त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांचं गाणं थेट ७८ व्या क्रमांकावर घसरलं आणि १ जानेवारी २०२१ च्या चार्टवर ‘लास्ट ख्रिसमस’ पहिल्यांदाच पहिलं आलं, ३६ वर्षांनी. ख्रिसमस नंबर वनचा मान मात्र त्याला २०२३ मध्ये मिळाला, आणि २०२४ मध्ये पुन्हा.

२०२६ मध्ये ख्रिसमस पुन्हा शुक्रवारी आहे. मोजणी १८ ते २४ डिसेंबर अशी येते. २०२७ मध्ये शनिवार, म्हणजे १७ ते २३. या दोन्ही वर्षी जुन्या गाण्यांना २०२५ पेक्षा चांगली संधी आहे, आणि ऑक्टोबरमध्ये निघालेल्या भावात ही गोष्ट पुरती उतरली आहे का ते आधी तपासा. ख्रिसमस शुक्रवारी आला की निकाल नेमका कोणत्या दिवशीच्या चार्टवरून धरणार, हेही बुकीच्या अटींत वाचून ठेवा.

दावेदार कोण असतात

सदाबहार, म्हणजे दर ख्रिसमसला परत येणाऱ्या जुन्या गाण्यांचा गट सगळ्यात अंदाजात येणारा. दोन-तीन गाणीच पहिल्या क्रमांकाच्या टप्प्यात असतात, बाकीची पहिल्या दहात गर्दी करतात. त्यांची आपसांतली क्रमवारी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून स्पष्ट दिसू लागते आणि सहसा बदलत नाही. या गटातलं पुढचं गाणं म्हणजे तुमची मोजपट्टी. बाकीच्यांना जिंकायला त्याच्याहून जास्त विक्री लागते, एवढंच विचारायचं.

दुसरा गट म्हणजे धर्मादाय गाणी आणि मोहिमा. यांचा जोर डाउनलोडवर असतो, आणि डाउनलोडला पूर्ण वजन आहे. लॅडबेबीची गाणी फूड बँका चालवणाऱ्या ट्रसेल ट्रस्टसाठी होती. २०१५ मध्ये लंडनच्या ल्युइशम आणि ग्रिनिचच्या आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या गायकवृंदाने जस्टिन बीबरला मागे टाकलं, आणि बीबरने स्वतःच लोकांना त्यांचं गाणं घ्यायला सांगितलं. २००९ ची गोष्ट तर बुकी अजून विसरलेले नाहीत. ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गायन स्पर्धेच्या विजेत्यांनी २००५ पासून सलग चार वर्षं ख्रिसमस जिंकला होता. त्याविरुद्ध फेसबुकवर मोहीम उभी राहिली आणि रेज अगेन्स्ट द मशीनचं सतरा वर्षं जुनं गाणं पाच लाखांहून अधिक डाउनलोडवर पहिलं आलं. त्या वर्षीचा स्पर्धेचा विजेता जो मॅकएल्डरी याचं गाणं साधारण साडेचार लाखांवर थांबलं.

मात्र तो काळ डाउनलोडचा होता. आता लोक डाउनलोड फार कमी विकत घेतात. २०२२ मध्ये लॅडबेबीला सुमारे ६५,००० विक्री पुरली. मोहिमेचं गाणं तोलताना तीन प्रश्न विचारा: ते मोजणी सुरू होते त्याच शुक्रवारी बाहेर पडतंय का, खरेदी कुठे करायची हे लोकांना एका वाक्यात सांगितलंय का, आणि सीडी किंवा व्हिनाइल असेल तर ती त्या आठवड्यात पाठवली जाणार का. महिनाभर आधी निघालेल्या धर्मादाय गाण्याची विक्री चार आठवड्यांत विखुरते आणि नेमक्या आठवड्यात हाती काही उरत नाही. वस्तू जानेवारीत घरी पोहोचणार असेल, तर आजची आगाऊ नोंदणी या आठवड्यात धरली जात नाही.

तिसरा गट एकाच सेवेवर मिळणाऱ्या गाण्यांचा, विशेषतः अ‍ॅमेझॉन म्युझिकचा. स्वयंपाकघरातल्या स्पीकरला कुणी ‘ख्रिसमसची गाणी लाव’ म्हटलं की तयार प्लेलिस्ट वाजते. त्यात वरच्या बाजूला ठेवलेलं गाणं लाखो घरांत वाजतं आणि ते सगळं मोजणीत येतं. २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात एली गोल्डिंगचं ‘रिव्हर’ याच वाटेने पहिल्या क्रमांकावर गेलं. हे गाणं तेव्हा स्पॉटिफायवर नव्हतंच, त्यामुळे फक्त स्पॉटिफायची यादी पाहणाऱ्यांना ते येताना दिसलंच नाही. शिवाय गाणं नवं, म्हणजे पूर्ण वजनाचं. आमच्या मते आजच्या घडीला भावात सगळ्यात कमी उतरणारा धोका हाच आहे. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन त्या वर्षीची आपली खास गाणी जाहीर करतं. ती यादी हातात आल्याशिवाय मोठी रक्कम लावू नका.

चौथा गट त्या वेळी जोरात चाललेल्या साध्या हिट गाण्यांचा. २०१६ मध्ये क्लीन बँडिट आणि २०१७ मध्ये एड शीरन असे जिंकले. डिसेंबरात सदाबहार गाणी आता इतकी भरतात की या गटाला जागा कमी उरते. गाणं अजून पूर्ण वजनावर असेल आणि नोव्हेंबरच्या शेवटीही चढत असेल, तरच त्याच्याकडे बघा.

भाव वाचणं

ब्रिटनमध्ये भाव अपूर्णांकात लिहितात. ७/२ म्हणजे २ पौंड लावले तर ७ पौंड नफा, शिवाय मूळचे २ परत. त्यामागची शक्यता काढायला खालचा आकडा दोन्हींच्या बेरजेने भागा: २ भागिले ९, म्हणजे २२.२ टक्के. ४/६ म्हणजे ६ भागिले १०, ६० टक्के.

आता सगळ्या गाण्यांच्या शक्यतांची बेरीज करा. समजा एका बुकीचे भाव असे आहेत: पहिलं गाणं ४/६ (६०), दुसरं ३/१ (२५), तिसरं ८/१ (११.१), चौथं १२/१ (७.७), पाचवं २०/१ (४.८), आणि आणखी तीन गाणी ३३/१ ने (प्रत्येकी २.९). बेरीज ११७.४ टक्के होते. शंभराच्या वरचे १७.४ हा बुकीचा गाळा. पहिल्या गाण्याची बुकीच्या मते खरी शक्यता ६० नाही, तर ६० भागिले ११७.४ म्हणजे ५१ टक्के आहे. पण तुम्हाला फायदा होण्यासाठी तुमचा स्वतःचा अंदाज ६० च्या वर हवा, ५१ च्या नव्हे. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की माणूस वर्षानुवर्षं थोडा-थोडा हरत राहतो आणि का ते कळत नाही. अशा हौशी बाजारात गाळा क्रिकेट-फुटबॉलपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून किमान तीन-चार बुकींचे भाव शेजारी मांडून सगळ्यात चांगला तोच घ्यायचा.

वर्तमानपत्रात ‘अमुक गाण्याचा भाव कोसळला’ अशा बातम्या येतात. त्यातल्या बऱ्याच बुकींच्या प्रसिद्धी विभागातून निघतात आणि त्यामागे मोजके पौंड असू शकतात. भाव हलला म्हणून पैसे लावू नका. तो का हलला याचं उत्तर मोजणीच्या आकड्यांत सापडलं तरच लावा.

बेटिंग एक्सचेंजवर, म्हणजे जिथे पैज लावणारे बुकीऐवजी एकमेकांविरुद्ध लावतात तिथे, तुम्ही गाणं लावूही शकता आणि खाऊही शकता, म्हणजे ते जिंकणार नाही अशी बाजू घेऊ शकता. उदाहरणार्थ, ऑक्टोबरात तुम्ही एका गाण्यावर ६/१ ने ५ पौंड लावले. डिसेंबरात एक्सचेंजवर त्याचा दशांश भाव १.७५ (म्हणजे अपूर्णांकात ३/४) झाला. तिथे तेच गाणं २० पौंडांनी खाल्लं, तर ते जिंकल्यास ३० मिळतील आणि १५ जातील; हरल्यास २० मिळतील आणि ५ जातील. दोन्हीकडे १५ पौंड नफा, खाण्याच्या नफ्यावरचं कमिशन वजा जाता. अडचण एवढीच की या बाजारात पैसा कमी असतो आणि २० पौंडांची दुसरी बाजू घ्यायलाही कधीकधी कुणी नसतं. म्हणून खायची बोली आधी टाकून ठेवा, शेवटच्या दिवशी धावाधाव करू नका.

केव्हा काय पाहायचं

ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फक्त यादी बनवा. गाणं, कधी येणार, कोणत्या सेवांवर, कोणत्या प्रमाणाचं, सीडी-व्हिनाइल आहे का, अशा पाच रकान्यांची साधी शीट पुरते. या काळात भाव मोठे असतात, पण न आलेल्या गाण्यावर लावलेले पैसे परत मिळत नाहीत, हे बहुतेक बुकींच्या अटींत असतं. लावायचेच तर ठरवलेल्या रकमेच्या पाचव्या भागाहून कमी लावा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून स्पॉटिफायची ब्रिटनची रोजची यादी शीटमध्ये उतरवा. वरची पाच गाणी पुरेत. स्पॉटिफाय म्हणजे सगळा बाजार नव्हे, म्हणून आकडे जसेच्या तसे न घेता दोन गाण्यांमधलं गुणोत्तर घ्या आणि दर शुक्रवारच्या चार्टशी ताडून बघा. एखादं गाणं स्पॉटिफायवर पाचवं आणि चार्टवर दुसरं असेल, तर ते दुसऱ्या एखाद्या सेवेवर जोरात आहे किंवा विकलं जातंय. तेच गाणं शोधायचं असतं.

मोजणीच्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार आयट्यून्सची यादी बघाल तर हात आखडता ठेवा. ती यादी फक्त डाउनलोडची, सतत बदलणारी, आणि आज तिथे पहिलं यायला फार थोडी विक्री पुरते. २०२४ च्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारच्या हिवाळी इंधन भत्त्यातल्या कपातीवर टीका करणारं एक विडंबनगीत तिथे वर चढलं आणि त्यावर गाजावाजाही झाला, पण एकत्रित चार्टवर ते पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही गेलं नाही.

रविवारी संध्याकाळी कंपनी पहिल्या दोन दिवसांचा कल जाहीर करते. डाउनलोडवर चालणारी गाणी या वेळी नेहमीच फुगलेली दिसतात, कारण त्यांचे खरेदीदार पहिल्या दोन दिवसांतच घेऊन मोकळे होतात. स्ट्रीमिंगची गाणी रोज सारखी भर घालतात, आणि ख्रिसमसची तर रोज जास्त. रविवारी मोहिमेचं गाणं थोडक्यानेच पुढे असेल, तर गुरुवारपर्यंत ते मागे पडण्याची शक्यता जास्त. ते दुपटीने पुढे असेल तर टिकतं. सोमवार-मंगळवारी आठवड्याच्या मधले आकडे येतात, तेव्हा दोघांमधलं अंतर वाढतंय की घटतंय एवढंच बघा. आकडे फुटले की बुकी बाजार थांबवतात किंवा भाव इतका खाली आणतात की लावण्यात अर्थ उरत नाही. म्हणून मुख्य पैज लावायची वेळ म्हणजे मोजणी सुरू होण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांपासून रविवार दुपारपर्यंत.

किती लावायचे

पूर्ण हंगामासाठी एक रक्कम ठरवा, जी गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, आणि ती वेगळ्या खात्यात ठेवा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने पैज लावता येत नाही. उसने घेऊन तो नियम वळसा घालून मोडू नका.

प्रत्येक पैजेवर पुंजीचा कितवा हिस्सा लावायचा हे काढायला केलीचं सूत्र वापरा: तुमच्या अंदाजाची शक्यता गुणिले नफ्याचा दर, त्यातून हरण्याची शक्यता वजा, आणि आलेल्या उत्तराला नफ्याच्या दराने भागा. ४/६ चा भाव, म्हणजे दर ०.६६७, आणि तुमचा अंदाज ७० टक्के असेल तर ०.४६७ वजा ०.३, भागिले ०.६६७, म्हणजे ठरवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा. पण अंदाज चुकतो, म्हणून आलेल्या उत्तराच्या पावच लावा. १०० पौंडांची पुंजी असेल तर साधारण ६ पौंड. उत्तर शून्याच्या खाली आलं तर पैज नाही, गाणं कितीही आवडतं असो. हरलेले पैसे भरून काढायला पुढची पैज वाढवणं हा बुडण्याचा खात्रीचा रस्ता आहे. तसं करावंसं वाटू लागलं तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवून सगळी ऑनलाइन खाती एकदम बंद करता येतात, आणि ०८०८ ८०२० १३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दिवसरात्र फुकट बोलता येतं.

अटींमधल्या खाचा

पैज गाण्यावर आहे की गायकावर, हे पावतीवर वाचा. एका गायकाची दोन गाणी शर्यतीत असतील तर यातला फरक मोठा पडतो. त्याच गायकाच्या त्याच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची विक्री सहसा एकत्र धरतात, पण दुसऱ्याने गायलेलं तेच गाणं वेगळं. ‘पहिल्या तीनांत’ अशी पैज लावता येत असेल तर किती जागा आणि भावाचा कितवा हिस्सा मिळणार ते बघा. सदाबहार गाण्यांसाठी ही पैज बऱ्याचदा जास्त शहाणपणाची ठरते. निकाल ऑफिशियल चार्ट्स कंपनीच्या चार्टवरच लागणार असं लिहिलेलं असावं, कारण रेडिओवरचे इतर चार्ट वेगळे असतात आणि त्यांचे निकालही.

खातं उघडताना वय आणि ओळख पटवावी लागते. त्याला कधी दिवस लागतात, म्हणून ते नोव्हेंबरात उरकून घ्या. या बाजारात बुकी मोठ्या रकमा घेत नाहीत. नेहमी चांगला भाव पकडणाऱ्या खात्यांची मर्यादा दहा-वीस पौंडांवर, कधी त्याहून खाली आणतात. त्यावर वाद घालून उपयोग होत नाही. फुकट पैजेच्या आमिषात ‘इतक्या वेळा फिरवल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत’ अशी अट असते. ती वाचूनच स्वीकारा.

भारतात असाल तर मित्रमंडळींत हाच खेळ पैशांशिवाय लावा. प्रत्येकाने मोजणी सुरू होण्याच्या आदल्या गुरुवारी पाच गाण्यांना मिळून १०० गुण वाटायचे. निकालानंतर, जिंकलेल्या गाण्याला दिलेले गुण १०० तून वजा करून उत्तराचा वर्ग करायचा, बाकीच्या गाण्यांना दिलेल्या गुणांचेही वर्ग त्यात मिळवायचे, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. स्पॉटिफायची ब्रिटनची यादी आणि शुक्रवारचा चार्ट भारतातूनही फुकट दिसतो, त्यामुळे शीट, प्रमाणं आणि तारखेचं गणित सगळं जसंच्या तसं वापरता येतं.